प्रश्नचिन्हापुढील मजकूर : वेब पत्त्यातील प्राचलांच्या वाचनाचा इतिहास (१९९१ ते २०२४)

प्रस्तावना

प्रवेश समितीचे काम करीत असताना काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीला तिच्या अर्जाची छापील प्रत काढून देण्याचा प्रसंग आला. प्रवेशाच्या संकेतस्थळावरील त्या अर्जाचा पत्ता टंकित करताना शेवटच्या अंकात चूक झाली आणि पडद्यावर दुसऱ्याच एका मुलाचा अर्ज उघडला. त्यात त्याचे छायाचित्र होते, वडिलांचे वार्षिक उत्पन्न होते, जातीच्या दाखल्याची प्रत होती आणि बँक खात्याचा क्रमांकही होता. मध्ये कोठेही संकेतशब्द विचारला गेला नाही. ही बाब संबंधितांच्या निदर्शनास आणून दिल्यावर दुरुस्ती झाली. मात्र ती दुरुस्ती म्हणजे सहा अंकी अर्ज क्रमांकाऐवजी बारा अंकी क्रमांक, एवढीच होती.

प्रसंग लहान असला तरी त्यातून उपस्थित होणारा प्रश्न वेबइतकाच जुना आहे. वेब पत्त्यात '?' या चिन्हानंतर जो मजकूर येतो तो कोणाच्या हातचा असतो आणि तो वाचणाऱ्या प्रोग्रॅमने त्यावर कितपत विसंबावे, हा तो प्रश्न होय. या मजकुरास 'क्वेरी स्ट्रिंग' असे म्हणतात. त्यातील नाव व मूल्य यांच्या प्रत्येक जोडीला 'पॅरामीटर', म्हणजेच मराठी परिभाषेत 'प्राचल' ही संज्ञा आहे. आज बहुतेक वेब अनुप्रयोग फ्रेमवर्कच्या, म्हणजे नित्याची कामे आधीच करून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या आधारे तयार होतात. त्यामुळे प्राचल वाचणे हे एका ओळीचे काम झाले आहे. ही एक ओळ सुमारे तीस वर्षांच्या अनुभवातून, आणि प्रामुख्याने चुकांतून, घडत गेली आहे. त्या घडणीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) वेब पत्त्यातील प्राचलांच्या वाचनाचे प्रमुख टप्पे कालानुक्रमे मांडणे, (२) प्रत्येक टप्प्यावर सोय आणि सुरक्षितता यांचा संबंध कसा होता ते तपासणे, (३) देवनागरी मजकुराच्या संदर्भात या वाचनाच्या विशेष अडचणी नोंदविणे. निबंधाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून प्रसिद्ध मानके, प्रोग्रॅमिंग भाषांच्या आवृत्त्यांतील बदल आणि सार्वजनिक झालेल्या सुरक्षा-सूचना यांचा आधार घेतला आहे.

दूरध्वनी सूची आणि पहिले प्रश्नचिन्ह

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत मार्च १९८९ मध्ये माहिती व्यवस्थापनाचा आपला प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर कार्यान्वित झाला. आरंभी ही यंत्रणा केवळ लिहून ठेवलेली पाने दाखवणारी होती. तिचे व्यावहारिक मोल सर्नमधील लोकांना पटवून दिले ते मात्र एका अगदी साध्या उपयोगाने, तो म्हणजे प्रयोगशाळेची दूरध्वनी सूची. ही सूची मध्यवर्ती मोठ्या संगणकावर होती. बर्न्ड पोलरमन यांच्या सहकार्याने १९९१ मध्ये ती वेबवरून शोधता येऊ लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील स्लॅक या प्रयोगशाळेत अमेरिकेतील पहिला वेब सर्व्हर सुरू झाला. त्याचाही हेतू भौतिकशास्त्रीय शोधनिबंधांच्या स्पायर्स या सूचीत शोध घेणे हाच होता.

दूरध्वनी सूचीतील प्रत्येक नावासाठी वेगळे पान आधी लिहून ठेवणे शक्य नव्हते. वाचकाने विचारावे आणि त्यानुसार उत्तर तयार व्हावे, अशी सोय हवी होती. त्यासाठी पानाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि त्यानंतर शोधावयाचे शब्द '+' या चिन्हाने जोडून, अशी रचना योजण्यात आली. पान शोधयोग्य आहे हे दर्शविण्यासाठी 'इझ-इंडेक्स' नावाची खूण होती. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. या पहिल्या रचनेत प्राचलांना नावे नव्हती. प्रश्न एकच असे आणि त्याचा अर्थही एकच असे, त्यामुळे कोणता मजकूर कशासाठी आहे हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती. विचारणारा आणि उत्तर देणारा हे दोघेही बहुधा संशोधन संस्थांतील असत. संशयाला त्या वातावरणात फारसे स्थान नव्हते.

नाव आणि मूल्य : फॉर्म व सीजीआय

१९९३ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात मोझाइक हा ब्राउझर तयार झाला. त्याच केंद्रात रॉब मॅककूल यांनी एक वेब सर्व्हर लिहिला. मोझाइकमध्ये त्याच वर्षी भरावयाचे फॉर्म दिसू लागले. फॉर्ममध्ये अनेक रकाने असतात, म्हणून प्रत्येक रकान्याला नाव देणे अपरिहार्य झाले. '?नाव=जोशी&विभाग=इतिहास' अशा प्रकारची, '=' आणि '&' या चिन्हांनी बांधलेली रचना येथून रूढ झाली. नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० या मानकात तिला लेखी स्वरूप मिळाले. पत्त्याची सर्वसाधारण रचना त्याआधी डिसेंबर १९९४ च्या मानकात निश्चित झाली होती.

सर्व्हरने हा मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅमकडे कसा सोपवावा, याविषयीचा करार 'कॉमन गेटवे इंटरफेस', म्हणजे सीजीआय, या नावाने १९९३ मध्येच आकारास आला. तो औपचारिकरीत्या लिहून प्रसिद्ध होण्यास मात्र ऑक्टोबर २००४ उजाडले. या करारानुसार प्रश्नचिन्हापुढील सर्व मजकूर 'क्वेरी स्ट्रिंग' या परिसर-चलात जसाच्या तसा ठेवला जाई. सर्व्हर त्याचे विभाजन करीत नसे, त्याचा अर्थ लावीत नसे आणि त्याची तपासणीही करीत नसे. '&' वर तोडणे, '=' वर पुन्हा तोडणे, '+' च्या जागी रिक्त जागा घालणे आणि '%' नंतरच्या दोन षोडशमान अंकांचे मूळ अक्षर करणे, ही सर्व कामे प्रत्येक प्रोग्रॅमरला स्वतः करावी लागत.

एकच काम प्रत्येकाने स्वतंत्रपणे केले की चुकाही स्वतंत्रपणे होतात. म्हणून या कामासाठी सामायिक ग्रंथिका तयार झाल्या. पर्ल या भाषेत लिंकन स्टाइन यांनी लिहिलेली 'सीजीआय डॉट पीएम' ही त्यांतील सर्वाधिक प्रचलित होय. स्टाइन हे जीवशास्त्राच्या क्षेत्रातील संशोधक होते आणि ही ग्रंथिका जनुकीय माहितीच्या कामाच्या ओघात घडली. १९९७ मध्ये तिचा समावेश पर्लच्या मूळ संचात झाला. 'पॅरम' ही तिची आज्ञा देऊन नाव सांगावे आणि मूल्य मिळवावे, एवढे ते काम सोपे झाले. आजच्या फ्रेमवर्कमधील प्राचल-वाचनाचे मूळ या आज्ञेत पाहावयास मिळते.

दुसरी दूरध्वनी सूची

वेबच्या प्रसारास दूरध्वनी सूचीने हातभार लावला होता. त्याच वेबला अविश्वासाचा पहिला मोठा धडाही दूरध्वनी सूचीनेच दिला, हा इतिहासातील एक योगायोग म्हणावा लागेल. एनसीएसए आणि त्यावरून पुढे तयार झालेला अपाची या दोन्ही सर्व्हरसोबत नमुन्यादाखल काही सीजीआय प्रोग्रॅम दिलेले असत. त्यांतील 'पीएचएफ' हा प्रोग्रॅम संस्थेच्या दूरध्वनी सूचीत नाव शोधून देत असे. आलेले नाव तो संगणकाच्या आज्ञा-कवचाकडे, म्हणजे शेलकडे, पाठवी. घातक चिन्हे निष्प्रभ करण्यासाठी त्यात एक फलनही होते. त्या चिन्हांच्या यादीत नवी ओळ सुरू करणारे चिन्ह तेवढे राहून गेले होते. पत्त्यात नावापुढे हे चिन्ह सांकेतिक रूपात घालून त्यापुढे कोणतीही आज्ञा लिहिली की सर्व्हर ती निमूटपणे पाळी. या मार्गाने संकेतशब्दांची फाईल बाहेर काढण्याचे प्रकार घडले. अमेरिकेतील सर्ट या संस्थेने मार्च १९९६ मध्ये यासंबंधी सूचना प्रसिद्ध केली.

पीएचएफची चूक एका चिन्हाची होती, परंतु तिच्यामागील विचारच सदोष होता. घातक काय ते मोजून वगळावे आणि उरलेले सर्व स्वीकारावे, असा तो विचार होता. वगळण्याची यादी कधीही पूर्ण होत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले. दोन वर्षांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, 'फ्रॅक' या नियतकालिकातील एका लेखात हीच युक्ती माहितीसाठ्याच्या एसक्यूएल भाषेवर चालते हे सांगितले गेले. पुढे 'एसक्यूएल इंजेक्शन' या नावाने ती सर्वत्र परिचित झाली.

सोयीचे युग : पीएचपी

रॅस्मस लर्डॉर्फ यांनी आपल्या वैयक्तिक पानासाठी लिहिलेली काही साधने जून १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्यांतूनच पीएचपी ही भाषा वाढली. तिच्या लोकप्रियतेचे एक कारण प्राचल वाचण्याच्या पद्धतीत होते. किंबहुना तेथे वाचण्याची वेगळी पायरीच नव्हती. पत्त्यात ज्या नावाचे प्राचल येई, त्याच नावाचे चल प्रोग्रॅममध्ये आपोआप तयार होई. ही सोय पुढे 'रजिस्टर ग्लोबल्स' या नावाने ओळखली गेली. नवशिक्याला काहीही शिकण्यापूर्वी फॉर्म चालवून दाखवता येई, हे तिचे मोठे आकर्षण होते.

तिची किंमत एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. संकेतशब्द जुळल्यास 'अधिकृत' या चलात १ हे मूल्य ठेवावे आणि पुढे त्या चलानुसार पान दाखवावे, असा एक प्रोग्रॅम आहे असे समजू. संकेतशब्द न जुळल्यास चलाला काहीच मूल्य दिलेले नाही. अशा वेळी पत्त्याच्या शेवटी कोणी '?अधिकृत=१' एवढेच जोडले, तर संकेतशब्दावाचून दार उघडते. येथे प्रोग्रॅमरने चुकीचे प्राचल वाचले असे म्हणता येत नाही, कारण त्याने ते वाचलेच नव्हते. बाहेरून आलेल्या मजकुराने प्रोग्रॅमच्या अंतर्भागातील नावे ठरवली होती. पाहुण्याने घरात येऊन घरातल्या माणसांची नावे बदलावीत, तसा हा प्रकार होता.

डिसेंबर २००१ च्या ४.१.० या आवृत्तीत पीएचपीने पत्त्यातील प्राचलांसाठी 'गेट' आणि फॉर्मच्या अंगातील प्राचलांसाठी 'पोस्ट' असे स्वतंत्र संच दिले. एप्रिल २००२ च्या ४.२.० मध्ये 'रजिस्टर ग्लोबल्स' मूळ मांडणीत बंद करण्यात आले. तरीही ते पूर्णतः काढून टाकले गेले ते मार्च २०१२ च्या ५.४.० मध्ये. बंद करण्यापासून काढून टाकण्यापर्यंत सुमारे दहा वर्षे लागली, याचे कारण तांत्रिक नव्हते. या सोयीवर विसंबून लिहिलेली असंख्य संकेतस्थळे चालू होती आणि ती पुन्हा लिहिण्यास कोणी तयार नव्हते. एकदा दिलेली सोय परत घेणे किती कठीण असते, याचे हे बोलके उदाहरण आहे. अवतरणचिन्हांपूर्वी तिरपी रेघ आपोआप घालणारी 'मॅजिक कोट्स' ही सुविधाही त्याच आवृत्तीत संपुष्टात आली.

याच काळात, २००१ मध्ये, वेब सुरक्षेसाठी काम करणारी ओवास्प ही संस्था स्थापन झाली. तिने २००३ मध्ये दहा प्रमुख धोक्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. तीत पहिले स्थान 'न तपासलेली प्राचले' यांना होते.

विचारणे आणि सांगणे

प्राचले पाठविण्याचे 'गेट' आणि 'पोस्ट' असे दोन प्रमुख मार्ग आहेत. गेटमध्ये ती पत्त्यात येतात, तर पोस्टमध्ये ती संदेशाच्या अंगात जातात. एचटीटीपीच्या मानकानुसार गेट हा केवळ विचारण्याचा मार्ग आहे. त्याने सर्व्हरवरील माहितीत बदल होऊ नये, अशी अपेक्षा असते. व्यवहारात अनेक प्रोग्रॅमर नोंद पुसण्यासाठीही '?कृती=पुसा&क्रमांक=४२' अशा धाटणीचा साधा दुवा देत असत.

मे २००५ मध्ये गूगलने 'वेब ॲक्सिलरेटर' नावाचे साधन प्रसिद्ध केले. वाचक पुढे कोणता दुवा उघडेल याचा अंदाज बांधून ते दुवे आधीच उघडून ठेवी. परिणामी काही अनुप्रयोगांतील 'पुसा' हे दुवेही त्याने वापरकर्त्याच्या नकळत उघडले आणि नोंदी नाहीशा झाल्या. चूक साधनाची की अनुप्रयोगांची, यावर तेव्हा बराच वाद झाला. मानकाच्या दृष्टीने पाहता साधनाने विचारण्याचेच काम केले होते. अनुप्रयोगांनी मात्र प्रश्नाला आज्ञा मानले होते.

फ्रेमवर्कची उदारता

२००४-०५ या काळात वेब अनुप्रयोगांचे स्वरूप पालटले. डेन्मार्कचे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी 'रूबी ऑन रेल्स' हे फ्रेमवर्क २००४ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेले 'जँगो' जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. रेल्समध्ये सर्व प्राचले 'पॅरम्स' या एकाच संचात मिळत. तो संपूर्ण संच एका आज्ञेत माहितीसाठ्यातील नोंदीला लावता येई. या सुविधेस 'मास असाइनमेंट', म्हणजे एकगठ्ठा मूल्यप्रदान, असे म्हणत. वीस रकान्यांच्या फॉर्मसाठी वीस ओळी लिहिण्याचे कष्ट त्यामुळे वाचले.

वरवर पाहता हे रजिस्टर ग्लोबल्सपेक्षा वेगळे वाटते. परंतु कोणत्या नावांना आत प्रवेश मिळावा हे येथेही पाठवणाराच ठरवीत होता. फॉर्ममध्ये नाव आणि पत्ता हे दोनच रकाने असले, तरी पाठवणाऱ्याने तिसरे प्राचल हाताने जोडले आणि त्या नावाचा स्तंभ नोंदीत असला, तर तोही भरला जाई. मार्च २०१२ मध्ये एका तरुण रशियन प्रोग्रॅमरने हा धोका रेल्सच्या कर्त्यांसमोर मांडला. आपल्या म्हणण्यास पुरेसे गांभीर्य मिळत नाही असे पाहून त्याने गिटहब या संकेतस्थळावरच त्याचे प्रात्यक्षिक केले. गिटहब हे स्वतः रेल्सवर चालत होते आणि रेल्सचा मूळ प्रोग्रॅमही तेथेच ठेवलेला होता. सार्वजनिक किल्ली बदलण्याच्या फॉर्ममध्ये एक अनपेक्षित प्राचल जोडून त्याने स्वतःची किल्ली रेल्सच्या गटाला लावली आणि त्या प्रोग्रॅममध्ये बदल करून दाखविला. त्याचे खाते काही काळ स्थगित करण्यात आले, नंतर ते पूर्ववत झाले. जून २०१३ च्या रेल्स ४.० मध्ये 'स्ट्राँग पॅरामीटर्स' ही पद्धत आली. तीनुसार स्वीकारावयाच्या नावांची यादी प्रोग्रॅमरने स्वतः लिहावी लागते. यादीबाहेरची नावे नोंदीपर्यंत पोहोचत नाहीत.

एकच वर्ष, २०१२, दोन घटनांना साक्षी आहे. पीएचपीने रजिस्टर ग्लोबल्स काढून टाकले आणि रेल्सला त्याच चुकीचे दुसरे रूप दिसले, या दोन्ही गोष्टी मार्च महिन्यातच घडल्या. एका भाषेने मोठी किंमत देऊन घेतलेला धडा दुसऱ्या भाषेच्या समुदायापर्यंत पोहोचलेला नव्हता, असे यावरून म्हणता येते.

एक नाव, अनेक मूल्ये

'?क्रमांक=१&क्रमांक=२' असा मजकूर आल्यास कोणते मूल्य खरे मानावे, याविषयी पत्त्याची मानके काहीच सांगत नाहीत. परिणामी प्रत्येकाने आपापला निर्णय घेतला. जावा सर्व्हलेट पहिले मूल्य देते. पीएचपी व जँगो शेवटचे मूल्य देतात. मायक्रोसॉफ्टच्या एएसपीमध्ये दोन्ही मूल्ये स्वल्पविरामाने जोडून मिळत. एका यंत्रणेत तपासणी करणारा भाग पहिले मूल्य पाहत असेल आणि काम करणारा भाग शेवटचे घेत असेल, तर तपासलेले एक आणि वापरलेले दुसरेच असे होते. २००९ मध्ये दोन इटालियन संशोधकांनी ओवास्पच्या युरोपीय परिषदेत या प्रकाराची पद्धतशीर मांडणी केली आणि त्यास 'एचटीटीपी पॅरामीटर पोल्यूशन' असे नाव दिले.

या संदर्भात पर्लच्या 'पॅरम' या आज्ञेची कहाणी उद्बोधक आहे. ही आज्ञा एकमूल्यी संदर्भात वापरली तर एक मूल्य देई, यादीच्या संदर्भात वापरली तर सर्व मूल्ये देई. ऑक्टोबर २०१४ मध्ये असे निदर्शनास आले की, मोझिलाच्या बगझिला या प्रणालीत एकच प्राचल अनेकदा पाठवून, पडताळणी न झालेल्या ईमेल पत्त्याने खाते उघडता येते. जादा मूल्ये यादीत सरकून शेजारच्या चलांची जागा घेत होती. पहिल्या आवृत्तीपासून सर्वांना सोयीचा वाटलेला गुणच येथे दोष ठरला. पुढील वर्षी, म्हणजे २०१५ च्या पर्ल ५.२२ मध्ये, सीजीआय डॉट पीएम मूळ संचातून वगळण्यात आले. अर्थात त्यामागे काळ बदलल्याचे कारण अधिक होते.

देवनागरी प्राचलांचा प्रश्न

पत्त्यात थेट वापरण्यास मुभा असलेली अक्षरे रोमन लिपीतील मोजकी अक्षरे, अंक व काही चिन्हे एवढीच आहेत. इतर सर्व अक्षरे '%' व दोन षोडशमान अंक अशा रूपात पाठवावी लागतात. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. त्यामुळे 'क' या एका अक्षरासाठी पत्त्यात नऊ चिन्हे लागतात. 'पुणे' या शब्दात युनिकोडच्या दृष्टीने चार चिन्हे आहेत, म्हणून पत्त्यात त्याची ३६ चिन्हे होतात. 'महाराष्ट्र' या शब्दाची ९० होतात.

लांबीपेक्षा गंभीर प्रश्न संकेतपद्धतीचा आहे. '%' च्या रूपात केवळ बाइट पोहोचतात. ते कोणत्या पद्धतीने वाचावेत हे पत्त्यात लिहिलेले नसते. जावाच्या टॉमकॅट या प्रचलित सर्व्हरमध्ये पत्त्यातील प्राचले मूळ मांडणीत पश्चिम युरोपीय संकेतपद्धतीने वाचली जात. यूटीएफ-८ ही मूळ मांडणी टॉमकॅटच्या आठव्या आवृत्तीपासून लागू झाली. तोपर्यंत ज्याने मांडणी बदलली नसेल, त्याच्या प्रोग्रॅमला 'पुणे' हा शब्द बारा निरर्थक चिन्हांच्या रूपात मिळे.

संकेतपद्धती एक असूनही मराठीपुरती एक अडचण उरतेच. 'कऱ्हाड' या शब्दातील 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येते किंवा 'र' व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. शिवाय 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरी रीतही प्रचलित आहे. पडद्यावर शब्द सारखाच दिसतो, परंतु बाइट वेगळे असल्याने शोध फसतो. पहिल्या दोन रीतींचे एकरूपीकरण युनिकोडच्या प्रमाणित नियमांनी होते. तिसरीसाठी प्रोग्रॅमरने स्वतंत्र विचार करावा लागतो. फ्रेमवर्क हे काम आपण होऊन करीत नाही. मराठी संकेतस्थळावर नाव शोधूनही सापडत नाही, तेव्हा दोष नेहमी माहितीसाठ्यात असतोच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

वाचन आणि अधिकार

अलीकडील फ्रेमवर्कमध्ये प्राचलाचे नाव व प्रकार आधीच घोषित करण्याकडे कल दिसतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फास्ट-एपीआयमध्ये फलनाच्या व्याख्येतच 'क्रमांक हा पूर्णांक असेल' असे लिहिले जाते. अक्षरे आल्यास विनंती परस्पर नाकारली जाते. एक्सप्रेस या फ्रेमवर्कने २०२४ च्या पाचव्या आवृत्तीत गुंतागुंतीची प्राचल-रचना उलगडणारी पद्धत मूळ मांडणीतून काढून साधी पद्धत स्वीकारली. उदारतेकडून संयमाकडे झालेला हा प्रवास स्पष्ट आहे.

तथापि प्रस्तावनेतील प्रसंगाचा उलगडा यातील कशानेही होत नाही. तेथे नाव बरोबर होते, मूल्य एकदाच आले होते आणि ते पूर्णांकच होते. चूक एवढीच होती की, हा अर्ज मागणाऱ्याला तो पाहण्याचा अधिकार आहे काय, हे कोणी विचारले नव्हते. जगातील मोठ्या संस्थाही यास अपवाद नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीच्या सर्व्हरला पत्त्यातून क्रमाने क्रमांक देत आयपॅडधारकांचे सुमारे १,१४,००० ईमेल पत्ते मिळविण्यात आले. या प्रकरणी एकास ४१ महिन्यांची शिक्षा झाली. एप्रिल २०१४ मध्ये अपील न्यायालयाने खटला चुकीच्या ठिकाणी चालविला गेल्याच्या कारणावरून ती रद्द केली. पत्त्यातील अंक बदलणे हा गुन्हा आहे काय, या मूळ प्रश्नाचा निवाडा त्यातून झाला नाही.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ चा रोख परवानगीवाचून शिरणाऱ्याकडे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहिती बाळगणाऱ्यावर वाजवी सुरक्षेची जबाबदारी टाकली असून, कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. दाराला कडी न लावणाऱ्याकडेही कायद्याने आता पाहिले आहे, हा बदल महत्त्वाचा आहे. ओवास्पच्या २०२१ च्या यादीत पहिले स्थान 'सदोष प्रवेश-नियंत्रण' यास मिळाले. २००३ मधील पहिले स्थान आणि हे पहिले स्थान यांमधील अंतर हाच या इतिहासाचा सारांश आहे.

निष्कर्ष

१. प्राचल-वाचनाच्या इतिहासातील मोठ्या चुका प्रायः सोयीतून उद्भवल्या आहेत. सोय देण्यास एक आवृत्ती पुरली, ती परत घेण्यास दशक लागले.

२. घातक ते वगळण्याऐवजी आवश्यक तेवढेच स्वीकारणे, आणि स्वीकारावयाची नावे वाचणाऱ्याने ठरविणे, या तत्त्वापर्यंत वेगवेगळे समुदाय स्वतंत्रपणे व उशिरा पोहोचले.

३. प्राचल वाचताना चार प्रश्न उपस्थित होतात : नाव कोणते, मूल्ये किती, ती कोणत्या प्रकारची व संकेतपद्धतीची, आणि मागणाऱ्याला अधिकार आहे काय. पहिल्या तिन्हींची उत्तरे देण्यास फ्रेमवर्क मदत करू शकते. चौथ्याचे उत्तर अनुप्रयोग लिहिणाऱ्यालाच द्यावे लागते.

४. देवनागरी मजकुराच्या एकरूपीकरणाचा विचार मराठी संकेतस्थळे घडविणाऱ्यांनी आरंभीच करणे आवश्यक आहे.

समारोप

पदवी वर्गांत फॉर्म चालवून दाखविण्याचे प्रात्यक्षिक होते, आणि फॉर्म चालला की ते पूर्ण झाले असे मानले जाते. त्याच प्रात्यक्षिकात पत्त्यातील अंक बदलून पाहण्यास आणि न मागितलेले प्राचल जोडून पाहण्यास विद्यार्थ्यांना सांगितले, तर अर्ध्या तासात बरेच काही शिकवून होईल. महाविद्यालये प्रवेश, परीक्षा व शिष्यवृत्ती यांसाठी प्रणाली विकत घेतात, तेव्हाही हीच साधी चाचणी स्वीकृतीपूर्वी करता येण्याजोगी आहे. तिला कोणत्याही खर्चिक साधनाची गरज नाही.

सहा अंकांच्या जागी बारा अंक आल्याने त्या मुलाचा अर्ज शोधणे अवघड झाले, परंतु तो सुरक्षित झाला नाही. ज्याच्याकडे तो पत्ता आहे त्याला तो अर्ज आजही कोणी हटकल्याशिवाय दिसू शकेल. आपल्या विद्यार्थ्यांनी विश्वासाने दिलेली माहिती एका प्रश्नचिन्हापुढे अशी उघडी राहू नये, एवढी काळजी घेणे हे केवळ संगणक विभागाचे काम नसून संस्थेचे उत्तरदायित्व आहे.